एक ठसा, वीस चित्रे

तुमच्या घरात भिंतीवर एखादे तरी चित्र असेलच. कुणाकडे विठोबा-रखुमाई असतील, कुणाकडे लक्ष्मी, कुणाकडे सिद्धरामेश्वर. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत किंवा पंढरीच्या वारीत ते घेतलेले असते. तेच चित्र शेजारच्या घरातही असते. त्याच्या पलीकडच्या घरातही असते. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

पण एकदा एक गृहस्थ आमच्याकडे आले. सोलापुरात यंत्रमागावर काम करून त्यांनी संसार केला. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. शाळेत असताना वहीच्या प्रत्येक पानावर चित्रे काढायचा. पुढे तो चित्रकला शिकला. गृहस्थ ओट्यावर बसले. पाणी प्याले. मग हळूच म्हणाले,

"गुरुजी, पोरगं चित्रं काढतंय, ते ठीक हाय. पण एकच चित्र ते वीस जणांना इकतंय. आन् परत्येकाकडनं पैसे घेतंय. ही फसवणूक न्हवं का? आमच्या घरात असलं कुणी केलं न्हाई बघा."

आम्ही गप्प झालो. आम्ही जन्मभर मुलांना शिकवले, पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही त्या मुलाच्या घरी जायचे ठरवले. तिथे जे पाहिले, आणि नंतर वाचून, विचारून जे समजले, ते या पाठात सांगितले आहे.

तुमचा अंगठा हाही एक ठसा

आधी एक सोपी गोष्ट. लिहायला येत नव्हते तेव्हा आपण कागदावर अंगठा उठवत होतो. अंगठ्याला शाई लावायची आणि कागदावर दाबायचा. कागदावर बारीक बारीक रेघा उमटतात. त्या कुठून येतात? आपल्या अंगठ्यावर उंच रेघा असतात, आणि त्यांच्या मध्ये खोल जागा असते. उंच रेघांना शाई लागते. खोल जागेला शाई लागत नाही. म्हणून उंच भाग काळा उमटतो आणि खोल भाग पांढरा राहतो.

कचेरीतला शिक्का असाच उमटतो. कापडावर लाकडी ठशाने नक्षी छापतात, तीही अशीच. ज्याच्यावरून छापायचे तो ठसा. कागदावर उमटते तो छाप. ठसा एकच असतो, त्याचे छाप मात्र पुष्कळ निघतात.

आपल्या सोलापूरच्या चादरीचेच बघा. जकार्ड मागावर चादरीत मोर, फुले, वेलबुट्टी विणली जाते. त्यासाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवतात. कोणता धागा वर उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे त्या भोकांवरून ठरते. नक्षी एकदाच तयार करायची. मग तीच माळ पुन्हा पुन्हा फिरते आणि एकसारख्या चादरी निघत राहतात. दहावी चादर घेणाऱ्याला कुणी फसवले, असे आपण म्हणत नाही.

चित्रकार स्वतः ठसा तयार करतो, आणि त्यावरून कागदावर छाप काढतो. अशा चित्राला मुद्राचित्र म्हणतात. आमचा विद्यार्थी मुद्राचित्रे करतो.

चित्र राजवाड्यातून झोपडीत आले

पूर्वी चांगले चित्र सामान्य माणसाच्या घरी नसे. राजे आणि सावकार चित्रकाराला बोलावीत, पैसे देत आणि चित्र करून घेत. एका चित्राला महिने लागत. ते चित्र एकाच घरात राही. गरिबाने देव पाहायचा तो देवळात.

हे पालटले दगडामुळे. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. आपली नाटके स्वस्तात छापावी, म्हणून त्याची धडपड चालू होती. असे सांगतात की, एकदा धुण्याच्या कपड्यांची यादी लिहायला त्याला घरात कागद सापडला नाही. त्याने ती यादी एका गुळगुळीत दगडावर लिहिली. त्यातून त्याला दगडावरून छापण्याची कल्पना सुचली. १७९६ ते १७९८ या काळात त्याने ही युक्ती पुरी केली.

युक्ती अशी आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. औषध लावून ते पक्के करायचे. मग दगड ओला करायचा. जिथे चित्र आहे तिथे पाणी ठरत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्राला चिकटते, ओल्या दगडाला चिकटत नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटले. या छापखान्याला आपल्याकडे शिळाप्रेस म्हणत. शिळा म्हणजे दगड.

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा नावाचा छापखाना काढला. तिथे देवादिकांची आणि पेशवाईतल्या थोर पुरुषांची रंगीत चित्रे दगडावरून छापली. ती घरोघर गेली.

पुढे राजा रविवर्मा यांनी हेच काम फार मोठे केले. त्यांचा जन्म १८४८ साली केरळात झाला. ते तैलरंगात चित्रे काढीत. त्यांच्या चित्रांना मागणी फार, पण हात दोनच. तेव्हा सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवले की, निवडक चित्रे युरोपात पाठवा आणि छापून घ्या, म्हणजे ती पुष्कळांना मिळतील. हे माधवराव कुंभकोणम इथल्या मराठी घराण्यातले. ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण होते. रविवर्म्यांनी पुढे इथेच छापखाना काढला. १८९४ साली मुंबईत तो सुरू झाला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवली इथे नेला. एका चित्रात जितके रंग, तितके दगड लागत. कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती अशीच छापून गावोगाव पोचली.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्रे घरोघर गेली, तरी छापखान्यावर कर्ज झाले. काही वर्षांतच रविवर्म्यांनी तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागली आणि पुष्कळसे जळून गेले. नाव मोठे झाले म्हणजे पैसा आलाच, असे या धंद्यात नसते.

पत्र्याच्या खोलीतले काम

आता आमच्या विद्यार्थ्याकडे येऊ. घरामागे पत्र्याची एक खोली आहे. तेच त्याचे कामाचे ठिकाण. दिवसा तो एका कारखान्यात चादरींच्या नक्षी काढून देतो. त्यावर घर चालते. संध्याकाळी सहानंतर तो या खोलीत येतो.

आम्ही गेलो तेव्हा तो एक चित्र करीत होता. चित्रात त्याच्या आईचे दोन हात होते. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. त्याच्या आईनेही वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, बोटांत अर्धी वळलेली विडी. तोंड दाखवलेच नव्हते, फक्त हात.

त्याने लिनोचा तुकडा आमच्या हातात दिला. लिनो ही एक जाड, सपाट चटईसारखी वस्तू आहे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ती जमिनीवर अंथरण्यासाठी निघाली. ती कशाची करतात ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. जवसाचे तेल घट्ट करून त्यात बुचाच्या झाडाची भुकटी घालतात आणि ते गोणपाटावर थापतात. जवस आणि गोणपाट! दोन्ही आपल्या ओळखीचे.

लिनो थंडीत कडक होतो. मग कोरताना हात घसरतो आणि बोट कापते. म्हणून चित्रकार तो थोडा वेळ उन्हात ठेवतात. ऊन लागले की तो मऊ होतो. आमचा विद्यार्थी हसून म्हणाला, "गुरुजी, सोलापूरचं ऊन माझ्या कामाला आलं बघा."

काम कसे चालते ते क्रमाने सांगतो.

पहिले काम, चित्र उलटे काढायचे. छाप आरशासारखा उलटा उमटतो. ठशावरचा उजवा हात कागदावर डावा होतो. अक्षरे असतील तर तीही उलटी कोरावी लागतात. नवशिका हे विसरतो आणि आठ दिवसांची मेहनत वाया जाते.

दुसरे काम, कोरायचे. जे पांढरे राहायला हवे, ते कोरणीने काढून टाकायचे. जे काळे उमटायला हवे, ते ठेवायचे. एकदा कोरलेला भाग पुन्हा भरता येत नाही. पेन्सिलीची रेघ खोडता येते, इथे खोडरबर नाही. त्या चित्रातल्या हातावरच्या शिरा कोरायलाच त्याला बारा संध्याकाळी लागल्या होत्या.

तिसरे काम, शाई लावायची. काचेवर दाट शाई घेऊन रबरी रूळ फिरवतात. शाई बरोबर पसरली की बारीक चुरचुर आवाज येतो. शाई जास्त झाली तर बारीक रेघा बुजतात. कमी झाली तर काळा भाग फुटका दिसतो.

चौथे काम, छाप काढायचा. ठशावर कागद ठेवतात आणि वरून चमच्याच्या पाठीने घोटतात. यंत्र असेल तर यंत्रात दाबतात. मग कागद एका कोपऱ्याला धरून हळूहळू उचलतात. पहिला छाप कधीच मनासारखा नसतो. तो बघून पुन्हा थोडे कोरतात, पुन्हा छापतात. असे चार-पाच कच्चे छाप निघतात, तेव्हा कुठे ठसा पक्का होतो.

पाचवे काम, वाळवायचे. शाई तेलाची असते. ती वाळायला काही दिवस लागतात. वर दोरी बांधून तिला चिमट्यांनी कागद अडकवलेले होते. जणू धुणेच वाळत घातले होते. त्या दिवसांत खोलीत धूळ येऊ द्यायची नाही. पावसाळ्यात कागदाला ओल लागते आणि बुरशी येते, तीही सांभाळायची.

एका दिवशी तो हाताने पाच-सहाच चांगले छाप काढू शकतो. प्रत्येक छापाला शाई नव्याने लावावी लागते. म्हणजे ठसा एक असला, तरी मेहनत दर वेळी नवी असते.

ठशाचे आणखी प्रकार

सगळे ठसे लिनोचेच असतात असे नाही. लाकडावरही असेच कोरतात. दगडाची रीत वर सांगितलीच आहे. आणखी दोन रीती आहेत.

एक धातूच्या पत्र्याची. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात. त्यावर सुईने चित्र ओरखडतात. मग पत्रा तेजाबात बुडवतात. मेण असते तिथे तेजाब काही करीत नाही. सुईने मेण निघाले असेल तिथे ते धातू खाते आणि खोल रेघ पडते. मेण काढून त्या रेघांत शाई भरतात, आणि वरची शाई फडक्याने पुसून घेतात. मग ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबतात. हे यंत्र उसाच्या रसाच्या चरख्यासारखे असते. अंगठ्यात उंच भाग उमटतो, इथे खोल भाग उमटतो. रीत नेमकी उलटी. तेजाबाची वाफ छातीला वाईट असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून हे काम करावे लागते.

दुसरी रीत जाळीची. चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवतात. जिथे रंग नको तिथे जाळी बुजवतात. वरून रंग ओढला की उघड्या जाळीतून तो खाली कागदावर उतरतो. लग्नाच्या पुष्कळ पत्रिका अशाच छापल्या जात. चित्रकारही या रीतीने चित्रे करतात.

आकडा म्हणजे शब्द

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. एकच चित्र वीस जणांना विकणे ही फसवणूक आहे का?

आम्ही हे मुलालाच विचारले. त्याने वाळलेला एक छाप आमच्यापुढे ठेवला आणि खालची कडा दाखवली. डाव्या बाजूला पेन्सिलीने लिहिले होते, ३/२०. मध्ये चित्राचे नाव होते. उजव्या बाजूला त्याची सही होती.

३/२० याचा अर्थ असा. या ठशाचे एकूण वीसच छाप काढले आहेत, आणि त्यांतला हा तिसरा. चित्रकार स्वतःसाठी दोन-तीन छाप वेगळे ठेवतो. त्यावर तशी वेगळी खूण लिहितो. बाकी हिशोब वीसचा. एकविसावा छाप निघणार नाही. वीस झाले की तो ठशावर आडवी रेघ कोरतो. मग त्या ठशावरून पुन्हा तसे चित्र निघत नाही.

म्हणजे घेणाऱ्यापासून काही लपवलेले नसते. चित्र आणखी एकोणीस घरांत आहे, हे त्या कागदावरच लिहिलेले असते. म्हणून तर त्याची किंमतही कमी असते. एकच एक रंगवलेले चित्र ज्याला परवडत नाही, त्याला छाप परवडतो.

कुणी म्हणेल, आज मोबाइलवर फुकट चित्र दिसते, मग हे कशाला विकत घ्यायचे? मोबाइलमध्ये दिसतो तो फोटो. लक्ष्मीचे छापील चित्र हीसुद्धा रविवर्म्यांच्या मूळ चित्राची नक्कल. पण मुद्राचित्राचे तसे नाही. त्याचे मूळ चित्र दुसरीकडे कुठे ठेवलेले नसते. चित्रकाराच्या हातचा प्रत्येक छाप हाच मूळ असतो.

मग फसवणूक केव्हा होईल? वीस लिहून चाळीस छापले तर. कुणाला ते कळेल का? कदाचित कधीच कळणार नाही. विसावा छाप मुंबईला जाईल, चाळिसावा दिल्लीला. दोघे घेणारे आयुष्यात एकमेकांना भेटणार नाहीत. पण चित्रकाराला स्वतःला ते ठाऊक असेल. हा सगळा व्यवहार त्या पेन्सिलीच्या आकड्यावर चालतो.

दोन चित्रकार, दोन वाटा

या कामात दोन वाटा आहेत. त्या समजण्यासाठी दोन चित्रकारांची गोष्ट सांगतो. दोघांचा जन्म १९१५ सालचा.

एक आपल्या जिल्ह्यातले, मकबूल फिदा हुसेन. त्यांचा जन्म पंढरपूरचा. तरुणपणी ते मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवीत. पुढे त्यांचे नाव जगभर झाले. त्यांच्या रंगवलेल्या चित्रांना फार मोठी किंमत येऊ लागली. त्यांनी जाळीच्या रीतीने छापचित्रेही केली. त्यांवर आकडा आणि सही असे. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे चित्तप्रसाद भट्टाचार्य. ते बंगालचे. १९४३ साली बंगालात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. चित्तप्रसाद मेदिनीपूर भागात पायी फिरले. जे दिसले ते त्यांनी काळ्या शाईने काढले आणि लिहिले. त्याचे पुस्तक झाले. इंग्रज सरकारने त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून जाळल्या.

१९४६ च्या सुमारास ते मुंबईला आले आणि अंधेरीत राहिले. तिथे त्यांनी लिनोवर आणि लाकडावर शेकडो चित्रे कोरली. शेतकरी, मजूर, आई आणि मूल, कामाला जुंपलेली लहान मुले. ज्या वयात गोष्टी ऐकायच्या, त्या वयात बूट पुसणारी पोरे त्यांनी काढली. या मुलांच्या चित्रांचे पुस्तक १९६९ साली डेन्मार्क देशात निघाले. मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफ संस्थेच्या तिथल्या समितीने ते काढले.

चित्तप्रसाद आपल्या छापांवर आकडा घालीत नसत. का? आकडा घातला की चित्र दुर्मिळ होते. दुर्मिळ झाले की महाग होते. महाग झाले की ते श्रीमंताच्या कपाटात जाते. त्यांना चित्र गरिबाच्या भिंतीवर हवे होते. लिनो स्वस्त, कागद स्वस्त, छाप पाहिजे तितके. या वाटेने पैसा मात्र आला नाही. त्यांचे दिवस ओढगस्तीत गेले. १९७८ साली कोलकात्यात ते वारले. आज त्यांचे छाप मोठमोठ्या संग्रहांत जपून ठेवले आहेत.

यांत खरा कोण, खोटा कोण? आमच्या मते दोघेही खरे. एकाने मोजून देतो असे सांगितले आणि मोजून दिले. दुसऱ्याने मोजणार नाही असे ठरवले आणि मोजले नाही. जे सांगितले ते पाळले, एवढेच बघायचे.

प्रदर्शनाची तयारी

चित्रे झाली, पण ती लोकांनी पाहिली पाहिजेत. त्यासाठी प्रदर्शन भरवतात. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ साली निघाली. ती दरवर्षी प्रदर्शन भरवत आली. आपल्या सरकारचे राज्य कला प्रदर्शनही असते. अशा ठिकाणी आधी अर्ज आणि चित्र पाठवावे लागते. जाणकार मंडळी निवड करतात. निवड झाली नाही तर चित्र परत येते. आमच्या विद्यार्थ्याचे दोनदा परत आले, तिसऱ्यांदा लागले.

स्वतःचे प्रदर्शन भरवायचे तर दालन भाड्याने घ्यावे लागते. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणून तिघा मित्रांनी मिळून एक लहान दालन आठवडाभर घेतले.

मग दोन महिने धावपळ. प्रत्येक छापाला पुठ्ठ्याची चौकट, वर काच, बाहेर लाकडी फ्रेम. छाप काचेला चिकटू द्यायचा नाही, नाही तर दमटपणाने शाई काचेला धरते. मागे नाव, साल, माप लिहायचे. किमतीची यादी करायची. आमंत्रणे छापून पाठवायची. सगळ्या फ्रेमा जुन्या चादरींत गुंडाळून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीतून मुंबईला न्यायच्या. रात्रभर तो डोळा न मिटता सामानापाशी बसला होता.

आता हिशोब मांडून बघू. तुम्हाला बेरीज येते. समजा, एका चित्रकाराने पंधरा चित्रे मांडली.

फ्रेमा, १५ × ६०० = ९,००० रुपये
लिनो, कागद, शाई = ६,००० रुपये
दालनाच्या भाड्याचा वाटा = ९,००० रुपये
प्रवास, राहणे, जेवण = ६,००० रुपये
एकूण खर्च = ३०,००० रुपये

एका छापाची किंमत १,५०० रुपये धरली आणि वीस छाप विकले गेले, तर जमा किती? २० × १,५०० = ३०,००० रुपये. म्हणजे जमा आणि खर्च सारखे. सहा महिन्यांच्या संध्याकाळची मजुरी शून्य. विसापेक्षा जास्त विकले गेले तरच काही हातात राहते. म्हणून बहुतेक मुद्राचित्रकार दुसरी नोकरी करतात. कुणी शाळेत चित्रकला शिकवतो, कुणी पाट्या रंगवतो, कुणी नक्षी काढतो.

शेवटचा दिवस

त्या प्रदर्शनाला मुलाने वडिलांना नेले होते. आम्हीही गेलो होतो. आईच्या हातांचे चित्र लोकांना फार आवडले. त्याचे आधीच बारा छाप गेले होते, उरलेले आठही तिथे गेले. शेवटच्या दिवशी एक व्यापारी आले. त्यांना दिवाळीच्या भेटीसाठी त्याच चित्राचे दोनशे छाप हवे होते. पैसे रोख द्यायला ते तयार होते.

दोनशे गुणिले दीड हजार. तीन लाख रुपये! आम्ही मनातल्या मनात गुणाकार केला, आणि आमचेही मन हलले हे कबूल करतो. घरी पत्रा गळत होता. ठशावर अजून रेघ मारलेली नव्हती.

मुलाने वडिलांकडे पाहिले. वडील भिंतीवरच्या चित्राजवळ गेले. नुकतेच ते आमच्यासारख्यांच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकले होते. त्यांनी खालच्या कडेवर बोट ठेवले आणि एक एक आकडा जुळवत वाचला. मग म्हणाले,

"वीस लिवलंयस न्हवं? मग वीसच."

मुलाने व्यापाऱ्यांना हात जोडले. म्हणाला, "हे चित्र संपलं. तुमच्यासाठी दुसरं नवीन करून देतो, आणि त्यावर दोनशेचाच आकडा घालतो." ते कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांचे पत्र आले नाही.

सोलापूरला परतल्यावर मुलाने ठसा काढला. वडील, आई आणि आम्ही बसलो होतो. त्याने कोरणीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. आई म्हणाली, "अरं, माझ्या हातावरनं गेली की." सगळे हसले. मग त्याने त्या रेघेसकट एक शेवटचा छाप काढला. तो विकायचा नसतो. ठसा बंद केल्याची ती खूण असते.

तो छाप त्यांच्या घरात लक्ष्मीच्या चित्राशेजारी टांगला आहे. पत्रा पुढच्या वर्षी बदलला, थोडे कर्ज काढून.

वाचकहो, तुम्ही आता अंगठा सोडून सही करू लागला आहात. अंगठा आपल्या हातावर जन्मतःच असतो. सही आपण शिकतो आणि स्वतः करतो. म्हणून सही करण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचावे, आणि सही केल्यावर ते पाळावे. पेन्सिलीने लिहिलेल्या एका लहान आकड्याची किंमत त्या यंत्रमागवाल्या बापाला कळली. आम्हाला ती त्यांच्याकडून कळली.